दहा ते बारा, निरीक्षकबाईंसमक्ष

त्या माणसाला सगळे कवळीमास्तर म्हणत. एका दातांच्या दवाखान्याच्या मागच्या बाजूला, जिन्याखालच्या खोलीत तो कवळ्या बनवायचा. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई लोकांचे दात काढत आणि मागच्या खोलीत हा ते नव्याने करून देई. खोलीत जिथे हात लावाल तिथे प्लॅस्टरची पांढरी भुकटी. फळीवर ओळीने मांडलेले प्लॅस्टरचे जबडे, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. मेणाची वाटी, बारीक सुऱ्या, पॉलिशचं गरगरणारं चाक आणि या सगळ्याच्या मधे डोळ्याला भिंग लावून बसलेला हा.

हाताला मोठं कसब होतं, पण डोक्यात दातांशिवाय काही राहत नसे. समोरचा माणूस बोलायला लागला की याची नजर थेट त्याच्या तोंडावर जायची. चेहरे तो साफ विसरायचा, दातांची ठेवण मात्र जन्मात विसरायचा नाही. रस्त्यात कोणी हात केला तर हा कावराबावरा होई. तोच माणूस हसला की लगेच म्हणे, "अरे, वरचा डावा सुळा! कसे आहात?"

त्याची बायको मोटार चालवायला शिकवायची. घाबरलेल्या लोकांना शेजारी बसवून भर रहदारीतून नेणारी, खमकी बाई. दोघांचं कडाक्याचं भांडण असं कधी झालंच नाही, आणि तीच खरी अडचण होती. ती रागाने बोलायला लागली की हा अगदी मन लावून ऐकायचा. तिला वाटायचं, याला पटतंय. प्रत्यक्षात 'स' म्हणताना तिची जीभ वरच्या दातांना नेमकी कुठे टेकते, हे तो बघत असे. आठ वर्षं झाल्यावर एक दिवस ती म्हणाली, "तू माझ्या तोंडाकडे बघतोस. माझ्याकडे बघतच नाहीस."

त्याने विचार केला आणि म्हणाला, "खरंय."

तो निदान नाही तरी म्हणेल अशी तिला आशा होती. पुढे वर्षभराने त्यांचा रीतसर, दोघांच्या संमतीने घटस्फोट झाला. त्यांची मुलगी आईकडे राहिली. मुलगी सात वर्षांची, अंगाने काडी आणि बोलायला टोकदार, म्हणून घरात तिचं नाव टाचणी पडलं होतं. दर शनिवारी सकाळी कवळीमास्तरने तिला घ्यावं आणि संध्याकाळी पाचला आईच्या दारात आणून सोडावं, असं ठरलं.

दोन महिने सगळं सुरळीत चाललं. मग पेंग्विन झाले.

शाळेच्या नाटकात बर्फाळ प्रदेश होता आणि दुसरीचा अख्खा वर्ग पेंग्विन झाला होता. त्या शनिवारी सुट्टी असूनही दुपारपर्यंत रंगीत तालीम होती, म्हणून टाचणीला शाळेतूनच घ्यायचं होतं. हा फाटकाशी जाऊन उभा राहिला तर आतून चाळीस पेंग्विन डुलत डुलत बाहेर आले. सगळ्यांची उंची सारखी, पोटं पांढरी आणि तोंडावर पुठ्ठ्याच्या मोठ्या पिवळ्या चोची. याच्या तोंडचं पाणीच पळालं. तेवढ्यात "आइस्क्रीम खायचं का?" असं तो नुसतं हवेत बोलला आणि एका पेंग्विनने येऊन त्याचा हात धरला.

हा निर्धास्त झाला. रस्ताभर त्या पेंग्विनशी बोलला. कवळ्यांच्या नव्या भट्टीबद्दल सांगितलं, डॉक्टरीणबाईंच्या मांजराबद्दल सांगितलं. पेंग्विन "हूं" म्हणत होता. त्याने चोचीखालून दोन आइस्क्रीम खाल्ली. त्या दिवशी नाटकाचे कपडे परत द्यायचे होते, म्हणून हा तिला पाचाऐवजी तीनलाच आईच्या दारात घेऊन गेला. आईने चोच वर केली आणि किंचाळलीच.

आत कोणीतरी वेगळीच मुलगी होती.

"तू कोण गं?" तिने विचारलं.

"मी मागच्या बाकावरची," ती मुलगी म्हणाली. "काका आइस्क्रीम देतो म्हणाले."

इकडे टाचणी शाळेच्या पायरीवर वर्गशिक्षिकेशेजारी शांतपणे बसली होती. आपल्या वडिलांना दुसरा पेंग्विन घेऊन जाताना तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. मग हाक का नाही मारलीस, असं विचारल्यावर ती म्हणाली, "त्याला कधी कळतं ते मला बघायचं होतं."

त्या मागच्या बाकावरच्या मुलीचे आईवडील समजूतदार होते म्हणून निभावलं. पण टाचणीच्या आईने कोर्टात अर्ज केला. तिचं काय चुकलं? आपलं मूल एका जागी आणि आपला आधीचा नवरा भलतंच मूल घेऊन दारात, असं बघितल्यावर कुणीही तेच करेल.

न्यायाधीशबाईंनी अर्ज वाचला, परत पहिल्यापासून वाचला, आणि चष्म्यावरून कवळीमास्तरकडे बघितलं.

"तुम्ही दुसऱ्याचं मूल घरी नेलंत?"

"चोच होती मॅडम. दात दिसत नव्हते."

"वाटेत बोललात ना तिच्याशी?"

"खूप बोललो. ती हूं हूं करत होती. आमची मुलगीसुद्धा माझ्याशी साधारण तेवढंच बोलते."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला आणि मान खाली घालून तो बराच वेळ पुसत राहिल्या. मग त्यांनी सांगितलं की पुढचे सहा महिने वडिलांनी मुलीला त्रयस्थ व्यक्तीच्या देखरेखीखालीच भेटावं. ती व्यक्ती मात्र दोघांना मान्य हवी.

झालं, इथे गाडं अडलं. तिने सुचवलेलं माणूस याला नको आणि याने सुचवलेलं तिला नको. त्याने डॉक्टरीणबाईंचं नाव घेतलं तर ती म्हणाली, "त्या याच्याच बाजूच्या." तिने आपल्या गाडीशाळेच्या मालकाचं नाव घेतलं तर हा म्हणाला, "त्यांचा खालचा जबडा पुढे आहे, माझं लक्ष लागणार नाही." शेवटी न्यायाधीशबाई वैतागून म्हणाल्या, "तुम्ही दोघंही ज्यांना घाबरता, असं कोणी आहे का?"

दोघं एकदमच म्हणाले, "आई."

आणि दोघांच्या मनातली आई एकच होती, तिची.

टाचणीची ही आजी मुलीकडेच राहायची. बत्तीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला यंत्र लावून तिने हजारो लोकांची सुखदुःखं ऐकली आणि कुणाच्याही रडण्याची पर्वा न करता तीन मिनिटं झाली की "वेळ संपली" असं सांगितलं. निवृत्तीनंतरही ती सवय गेली नव्हती. घरात कोणी जास्त लांबण लावली तरी ती सांगायची, "वेळ संपली."

कोर्टाचा आदेश तिने इस्त्री करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. शनिवारी दहा ते बारा. स्थळ, सार्वजनिक बाग. मूल त्रयस्थ व्यक्तीच्या दृष्टीआड होऊ नये. त्रयस्थ व्यक्तीने नोंद ठेवावी.

पहिल्या शनिवारी कवळीमास्तर पावणेदहापासून बागेच्या फाटकात उभा. बरोबर दहाच्या ठोक्याला आजी टाचणीला घेऊन आली. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात जाड वही.

"नमस्कार आई," तो म्हणाला.

"आई म्हणायचं नाही. घटस्फोट झालाय."

"मग काय म्हणू?"

आजीने क्षणभर विचार केला. "निरीक्षक म्हणा."

"बरं, निरीक्षकबाई."

"आता ओळख पटवा." तिने टाचणीला पुढे उभं केलं. "ही कोण?"

"ही माझी मुलगी."

"कशावरून?"

"आ कर गं," तो टाचणीला म्हणाला. टाचणीने आ केला. "वरचे पुढचे दोन पडलेत, उजवीकडचा अर्धा आलाय, खाली मागे एक दाढ भरलेली. हीच."

आजीने वहीत लिहिलं, 'दहा वाजून दोन मिनिटं. मूल तेच.'

मग खेळ सुरू झाला. टाचणीला लपाछपी हवी होती. ती झाडामागे पळाली तशी आजीने छत्री उगारली. "चालणार नाही! आदेशात दृष्टीआड हा शब्द आहे."

"अगं आजी, लपाछपीत लपतातच!"

"मग दुसरं खेळा."

बरीच वादावादी झाली. आजीने आदेश परत वाचला आणि न्यायबुद्धीने तोडगा काढला. मूल दृष्टीआड होता कामा नये, पण वडिलांबद्दल आदेशात काही म्हटलेलं नाही. तेव्हा लपायचं ते दर वेळी वडिलांनी. अशा रीतीने दोन तास तो मोठा माणूस घसरगुंडीखाली, बाकामागे, कचऱ्याच्या डब्यामागे दडत राहिला. टाचणी शोधायला निघाली की आजी बाकावरून सांगायची, "डब्यामागे आहेत." कारण खोटं बोलणं किंवा माहिती लपवणं तिच्या पदाला शोभणारं नव्हतं.

बाराला एक मिनिट कमी असताना ती उठली. "वेळ संपली."

घरी जाताना टाचणी आजीला म्हणाली, "तू सगळी मजा घालवलीस." पण त्या रात्री जेवताना तिने आईला बाबा डब्यामागे कसा बसला होता ते चार वेळा करून दाखवलं.

असे शनिवार जाऊ लागले. कवळीमास्तरला एकच गोष्ट खात होती. निरीक्षकबाई बोलल्या की 'टक्' असा बारीक आवाज यायचा. 'वेळ' म्हणताना एक टक्, 'संपली' म्हणताना दोन. खालची कवळी हिरडीवर बसत नव्हती. दुसऱ्या कुणाच्या कानाला ते जाणवलंही नसतं, पण याला पिन टोचल्यासारखं व्हायचं. चौथ्या शनिवारी टाचणी झोक्यावर असताना तो बाकाशी गेला आणि हळूच म्हणाला, "निरीक्षकबाई, खालची सैल झालीय."

आजीचा चेहरा लालबुंद झाला. "माझे दात माझेच आहेत!" टक्.

"नाही हो. चांगल्यापैकी काम आहे, पण—"

"हळू बोला!" तिने चोहीकडे बघितलं. "माझ्या मुलीलासुद्धा माहीत नाही. दहा वर्षं झाली. रोज दार लावून धुते. एक शब्द बाहेर गेला तर वहीत काय लिहीन सांगता येत नाही."

तो झोक्याकडे परत गेला. वर्षानुवर्षं जेवणाच्या टेबलापाशी समोर बसूनही या बाईच्या तोंडात कवळी आहे हे आपल्याला कसं कळलं नाही, याचंच त्याला नवल वाटत राहिलं. मग आठवलं, तेव्हा ती त्याच्याशी बोलतच नसे.

पाचव्या की सहाव्या शनिवारी टाचणीने होडीचा हट्ट धरला. बागेच्या तळ्यात पायाने चालवायच्या होड्या होत्या, बदकाच्या आकाराच्या. मूल दृष्टीआड होऊ नये म्हणून निरीक्षकबाईंनाही बसावं लागलं. पुढे बाप आणि लेक पाय मारत होते आणि मागे छत्री उघडून, वही मांडीवर ठेवून आजी. बारा वाजायला पंचवीस मिनिटं होती. तळ्यातलं खरं बदक होडीपाशी आलं, त्याने पंख झटकले, एक पीस उडून आजीच्या नाकापाशी आलं आणि आजीला शिंक आली.

शिंक कसली, तोफच ती. होडी हलली, छत्री मिटली आणि काहीतरी गुलाबी वस्तू सूर्यप्रकाशात चमकत टाचणीच्या डोक्यावरून गेली आणि डुबुक.

आजीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. टाचणी पाण्याकडे बघत म्हणाली, "आजीतून काहीतरी पडलं."

कवळीमास्तरला क्षणात सगळं कळलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एखादी गोष्ट बाकी सगळ्यांच्या आधी कळली असेल. त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तळ्यात उडी घेतली. पाणी गुडघाभरच होतं, चिखल मात्र बेसुमार. तो वाकून दोन्ही हातांनी चाचपू लागला. काठावरून बागेच्या रखवालदाराने शिट्टी फुंकली.

"ए! तळ्यात उतरायला मनाई आहे! काय करताय?"

शनिवार असल्याने बागेत गर्दी होती. झोक्यांपाशीचे, बाकांवरचे, सगळेच बघायला लागले. आजीने तोंडावर हात तसेच ठेवून डोळे गच्च मिटून घेतले. कवळीमास्तरने एकदा तिच्याकडे बघितलं आणि मोठ्याने ओरडला, "माझे दात पडलेत!"

रखवालदार जरा जवळ आला. "तुमचे दात तर तोंडात दिसतायत."

"हे नव्हेत," तो म्हणाला. "दुसरे."

"दुसरे?"

"बदलून बदलून घालतो."

रखवालदाराने बऱ्याच माणसांची बरीच सोंगं पाहिली असावीत. त्याने शिट्टी खिशात टाकली आणि तोही काठावर उकिडवा बसून शोधू लागला. आधी एक चष्मा मिळाला. मग एक प्लॅस्टिकचं बदक. मग रखवालदार ओरडला, "सापडली!" आणि त्याने चिखलातून खरोखरच एक कवळी वर काढली.

कवळीमास्तरने ती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि मान हलवली. "ही नव्हे. ही वरची आहे, आणि कुणीतरी घाईत केलीय. कडा बघा."

"म्हणजे इथे अजून कोणाचे पडलेत?" रखवालदार हादरला.

"लोक शिंकतात हो," हा म्हणाला आणि पुढे निघाला. तेवढ्यात त्याच्या टाचेखाली कट् असा आवाज झाला. ती हीच होती. पण आता तिचे दोन तुकडे झाले होते.

काठावर आल्यावर आजीने वहीचं पान उघडलं आणि लिहून त्याच्यापुढे धरलं, 'परक्याचे दात ओळखता, स्वतःचं मूल ओळखत नाही.'

"पोरीच्या तोंडावर चोच होती ना," तो कळवळून म्हणाला.

आजीने खाली आणखी लिहिलं, 'घरी जाता येणार नाही. काहीतरी करा.'

बारा वाजत आले होते. आदेशात बाग आणि वेळ स्पष्ट लिहिलेली होती. उशीर झाला तर त्याच्या नावावर लागणार, पुढचे शनिवारही हातचे जाणार, हे त्याला ठाऊक होतं. त्याने तसं बोलून दाखवलं. आजीने रुमालाने तोंड झाकून घेतलं, वही परत उघडली आणि ठसठशीत अक्षरात नोंद केली, 'वेळ वाढवली. स्थळ बदललं. कारण प्रशासकीय.'

तिघं जिन्याखालच्या खोलीत आली. टाचणी इथे पहिल्यांदाच येत होती. फळीवरचे जबडे बघून तिचे डोळे विस्फारले. "हे सगळे हसतायत!" ती म्हणाली. मग तिने त्यांना खाली काढलं, ओळीत बसवलं आणि त्यांचा वर्ग घ्यायला लागली. तोंडी परीक्षा.

कवळीमास्तरने तुकडे धुतले, एकमेकांना अलगद जुळवले आणि चिकट मेणाने धरून ठेवले. खाली प्लॅस्टर ओतलं. ते घट्ट झाल्यावर भेगेच्या कडा कोरल्या, गुलाबी पूड आणि पातळ औषध थेंबाथेंबाने भरलं, आणि सगळं कोमट पाण्याच्या बंद भांड्यात ठेवलं. आजी स्टुलावर बसून बघत होती. जावयाला काम करताना तिने कधी पाहिलंच नव्हतं. मुलीच्या तोंडून ऐकलं होतं ते एवढंच, की हा सदा भुकटीने माखून येतो. मधेच तिने वही पुढे केली, 'घाई करा.' थोड्या वेळाने, 'पण चुकू नका.' आणखी थोड्या वेळाने, 'गुलाबी जरा कमी चालेल. म्हातारी दिसते मी.'

"आता बाहेर काढलीच आहे तर आतून अस्तर पण लावतो," तो म्हणाला. "तोंड उघडा. नुसतं बघतो."

आजीने रुमाल बाजूला करायला बराच वेळ घेतला. टाचणी वळून बघायला लागली तशी तो तिला म्हणाला, "तुझा तिसऱ्या ओळीतला पोरगा कॉपी करतोय बघ." टाचणी पाठ फिरवून त्या जबड्याला रागावायला गेली आणि तेवढ्यात आजीचं काम उरकलं.

दारात पोचेपर्यंत पावणेदोन झाले. टाचणीची आई फाटकाबाहेर रस्त्यावर येऊन उभी होती, हातात फोन, चेहरा पांढरा.

"पावणेदोन तास! कोर्टाचा आदेश म्हणजे काय गंमत आहे? कुठे होतात?"

हा तोंड उघडणार तोच आजी मधे पडली. "उशीर मी केला."

"तू? तू कधी उशीर केलायस?"

"बदकं बघत बसले. मला आवडली."

"आई, तू त्यांना घाणेरडे पक्षी म्हणतेस."

"माणसाचं मत बदलतं. संपलं." आणि 'संपलं' असं म्हणाली ते सकाळच्या दवासारखं स्वच्छ, एकही टक् न होता. मुलगी चपापून तिच्याकडे बघायला लागली. "तू आज वेगळीच बोलतेयस."

"मोकळी हवा," आजी म्हणाली आणि घरात गेली.

टाचणीने कुणालाच काही सांगितलं नाही. तिने आजीशी फक्त एक करार केला, की यापुढे लपाछपीत सगळ्यांनी लपायचं. पुढच्या शनिवारी सहासष्ट वर्षांची निरीक्षकबाई छत्रीसकट झुडपात दडून बसलेली बागेने पाहिली. तिला शोधायला पाऊण तास लागला. एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं आवाज न करता बसल्याचा फायदा, असं ती म्हणाली. हळूहळू ती खेळात लबाडी पण करू लागली. टाचणी चिडायची, बाप मधे पडून न्याय द्यायचा, आणि निकाल विरोधात गेला की आजी वही दाखवून धमकी द्यायची. साडेबाराच्या आधी आता कुणीच उठत नसे.

सहा महिने झाले. कोर्टाची तारीख आली. न्यायाधीशबाईंनी वही मागवली, चाळली आणि विचारलं, "तुमचं मत काय? देखरेख काढावी का?"

आजी ताठ उभी राहिली. "नाही. चालू ठेवावी."

कवळीमास्तरला हे ऐकून संताप आला. तिच्यासाठी आपण तळ्यात उतरलो, भर बागेत दोन जोड दात असलेला माणूस ठरलो, आणि ही बाई अशी उलटली! तिची मुलगीसुद्धा चकित होऊन बघत होती.

"का?" न्यायाधीशबाई म्हणाल्या. "ते मुलीकडे दुर्लक्ष करतात?"

"अजिबात नाही."

"मुलगी घाबरते?"

"ती कुणाला घाबरते?"

"परत दुसरं मूल नेलं?"

"नाही. पंचवीस शनिवार, पंचवीस वेळा बरोबर."

"मग देखरेख कशासाठी हवी?"

आजी चुळबुळली. तिने चष्मा सारखा केला, वही या हातातून त्या हातात घेतली, आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मग माझ्या शनिवारांचं काय?"

दोन्ही वकिलांना एकाच वेळी खोकला आला.

"आजी," न्यायाधीशबाई शक्य तितक्या गंभीरपणे म्हणाल्या, "नात तुमच्या घरातच राहते ना?"

"घरात ती अभ्यास करते आणि मी भाजी निवडते. झुडपात कोण बसतं घरात?" मग ती जावयाकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि हे तर घरात नसतातच."

"वेगळ्या झालेल्या जावयाला भेटण्याचा हक्क सासूला द्यावा, अशी कायद्यात सोय नाही."

"करा मग," आजी म्हणाली. "नसेल तर करा."

टाचणीच्या आईने तोंडावर हात धरला होता. खांदे हलत होते, म्हणून ती रडते आहे असं वाटून तिच्या वकिलाने पाण्याचा पेला पुढे केला. ती हसत होती. सावरल्यावर ती म्हणाली, "आई, देखरेख कशाला? नुसतीच जा ना. त्याची हरकत नसेल तर."

सगळ्यांनी कवळीमास्तरकडे बघितलं. त्याचा राग केव्हाच उतरला होता. तो म्हणाला, "माझी काय हरकत? फक्त एकआड एक शनिवार. मधला मला पोरीबरोबर एकट्याला द्या. त्या लबाडी करतात."

न्यायाधीशबाईंनी देखरेख काढून टाकली. सासूबाईंच्या बाबतीत कोर्ट काही म्हणत नाही, तो पक्षकारांचा आपसातला मामला आहे, असं त्यांनी तोंडी सांगितलं आणि घाईघाईने पुढचं प्रकरण पुकारायला लावलं.

पहिला मोकळा शनिवार उजाडला. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, पूर्ण दिवस, दोघंच. बाप आणि लेक बसच्या थांब्यावर उभे राहिले. समोर आली त्या बसमध्ये दोघं चढली. खिडकीपाशी बसल्यावर थोड्या वेळाने टाचणीला कळलं की बस बागेच्या उलट्या दिशेने चाललीय. त्यालाही कळलं होतं. पण आधी कोण बोलतं ते दोघंही बघत होते, आणि बोललं कोणीच नाही. लोक एकेक करून उतरून गेले. शेवटी बस एका मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरली, दोन्ही बाजूंनी अजस्र फिरते ब्रश आले आणि पाण्याचा मारा सुरू झाला. बस धुतली जात होती आणि आत ही दोघं. खिडकीची वरची काच उघडी होती. टाचणीने जी किंकाळी फोडली ती ऐकून ड्रायव्हर धावत मागे आला, तर दोघं साबणाच्या फेसात बसून हसताहेत.

"उतरला का नाहीत?" ड्रायव्हर म्हणाला.

"आम्हाला उतरायचंच नव्हतं," टाचणी म्हणाली.

ड्रायव्हरने त्यांना आपल्या डब्यातली बिस्किटं दिली आणि दुसऱ्या बसमध्ये बसवून दिलं. त्या बसमध्ये टाचणीने वडिलांना सरळ विचारलं, "तू आणि आई परत एकत्र राहणार का?"

"नाही," तो म्हणाला. उत्तर देताना तो तिच्या डोळ्यांकडे बघत होता.

"बरं." तिने ओला मोजा पिळला. "मग पुढच्या वेळी कोणती बस?"

दारात पोचले तेव्हा दोघंही थेंब थेंब गळत होते. टाचणीच्या आईने दार उघडलं, वरून खालपर्यंत बघितलं आणि आत जाऊन दोन टॉवेल आणले. एक लेकीच्या डोक्यावर टाकला. दुसरा हातात धरून क्षणभर थांबली, मग त्याच्याकडे फेकला. आतून आजी टाचणीने हातवारे करत सांगितलेली सगळी हकिकत ऐकत होती आणि तिचा चेहरा पडत चालला होता. बस धुताना आत बसायला मिळालं, आणि नेमका हाच शनिवार तिचा नव्हता.

तो टॉवेल कवळीमास्तर गळ्यात तसाच घालून घरी गेला. त्याने तो धुतला, वाळवला, इस्त्री केला आणि पुढच्या शनिवारी घडी घालून परत नेऊन दिला.

"टॉवेलला इस्त्री कोण करतं?" टाचणीच्या आईने विचारलं.

"मला काय माहीत," तो म्हणाला. "इतकी वर्षं तर तूच करत होतीस ना?"

"टॉवेलला? कधीच नाही."

"मग मी बघितलंच नाही की," तो म्हणाला, आणि मागून टाचणी आणि तिची आजी चपला घालून "चला, चला, बस जाईल" म्हणून त्याला दोन्ही हातांनी ओढायला लागल्या.